स्पीडची चलनं साठली आहेत: पैसे भरले की विषय संपतो का?

घाटरस्ता_कोथरूड

नमस्कार मंडळी. बाइक वडिलांच्या नावावर आहे, चालवतो मी. गाडीवर वेगमर्यादा ओलांडल्याची चार चलनं आहेत. दोन पुण्यातल्या कॅमेऱ्यांची. एक सातारा रोडला महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर (वेग मोजणाऱ्या) गाडीने थांबवून केलेलं, त्यात माझ्या लायसन्सचा नंबर मशीनमध्ये टाकला होता. चौथं कर्नाटकातलं. एकही भरलेलं नाही. प्रश्न असे:

१) सगळी भरून टाकली तर रेकॉर्ड कोरं होतं का?
२) लोकअदालतीपर्यंत थांबावं का?
३) एका चलनावर ६७ लिहिलंय, मर्यादा ६०. मीटरवर ६० च्या वर काटा जाऊ देत नाही, मग हे कसं? चेनसेट बदललेला आहे. मागचं स्प्रॉकेट (साखळी बसते ते दातेरी चाक) मूळ ४२ दातांचं होतं, आता ३८ चं आहे.
४) दिवाळीनंतर गाडी विकायची आहे. काय अडेल?

अंदाज नको, नक्की माहिती असेल तरच सांगा.

निवांत_रायडर

भरू नका घाईने. लोकअदालत वर्षातून चार वेळा लागते, तिथे रक्कम कमी होते. हजाराच्या चलनाने कोणाचं काही बिघडत नाही.

कलम_१८३

वरच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. दुचाकीला वेगाच्या चलनाचे साधारण १,००० रुपये लागतात आणि सगळ्यांचं लक्ष त्या हजारावरच असतं. या प्रकरणात सगळ्यात स्वस्त गोष्ट तीच आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १८३. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये दंड. त्याच कलमात पुढे लिहिलंय की दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर हाच गुन्हा झाला तर कलम २०६(४) प्रमाणे लायसन्स जप्त करायचं. २०६(४) सांगतं की जप्त लायसन्स आरटीओकडे पाठवायचं आणि तिथे कलम १९ खाली कारवाई. कलम १९(१अ) प्रमाणे आरटीओ तुमचं म्हणणं ऐकून एकतर सोडून देतो, नाहीतर पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवतो. दुसऱ्या वेळी लायसन्स रद्द.

आता तुमचा पहिला प्रश्न. कलम २०० खाली तडजोड शुल्क (खटल्याऐवजी भरायची रक्कम) भरलं की खटला चालत नाही, हे खरं. पण २०१९ मध्ये त्याच कलमाला दोन परंतुकं (पुरवणी अटी) जोडली गेली आणि ती फारसं कोणी वाचत नाही. पहिलं: तडजोड झाली तरी तो गुन्हा पुढच्या वेळी ‘आधीचा गुन्हा’ म्हणून मोजला जाईल. दुसरं: तडजोड झाली म्हणून २०६(४) ची कारवाई आणि रिफ्रेशर (चालकाच्या उजळणीच्या) प्रशिक्षणाची अट टळत नाही.

म्हणजे पैसे भरल्याने रेकॉर्ड कोरं होत नाही. पैशाची बाकी मिटते, मोजणी तशीच राहते. म्हणून भरूच नये, असा अर्थ कोणी काढू नये. न भरण्याचे त्रास वेगळे आहेत.

दुसरा मुद्दा, चलन कोणाच्या खात्यावर लागतं. कॅमेऱ्याचं चलन नंबरप्लेटवरून निघतं, म्हणजे आरसीच्या (नोंदणी प्रमाणपत्राच्या) मालकावर, तुमच्या बाबतीत वडिलांवर. कॅमेऱ्याला चालक कोण ते कळत नाही. इंटरसेप्टरने थांबवून केलेल्या चलनात मात्र तुमच्या लायसन्सचा नंबर गेला आहे. ते चलन थेट तुमचं. लायसन्सवरच्या कारवाईच्या दृष्टीने चारांपैकी सगळ्यात जड तेच.

कलम १३३ प्रमाणे चालक कोण होता हे विचारलं तर सांगणं मालकाला बंधनकारक आहे. ‘वडिलांचं लायसन्स तसंही वापरात नाही, त्यांचं नाव देऊ’ असा शहाणपणा काही जण शिकवतात. माहिती दडवली किंवा खोटी दिली तर कलम १७९ लागतं, त्यात दंडाबरोबर एक महिन्यापर्यंत कैदेचीही तरतूद आहे. वडिलांना यात ओढू नका.

लोकअदालतीबद्दल. ती खरी सोय आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण सवलत मिळेलच आणि अमुक टक्केच मिळेल असा नियम नाही, ते त्या त्या वेळी ठरतं. तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नसतं. आणि चलनाची नोंद यंत्रणेत राहतेच. चार चलनांत दोन-अडीच हजार वाचवायला थांबायचं आणि मधल्या काळात नाकाबंदीत पाचवं घ्यायचं, हा हिशेब मला पटत नाही.

चलन मुळात चुकीचं वाटत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा भरू नका, हरकत घ्या. भरणं म्हणजे मान्य करणं. हरकतीत काय तपासायचं:

चलनावरचा फोटो पूर्ण आकारात उतरवून घ्या. लेझर कॅमेऱ्याच्या फोटोत फुलीची खूण असते. ती तुमच्या बाइकवर आहे की शेजारच्या कारवर, हे आधी बघा. वेग, ठिकाण, तारीख, वेळ आणि कलम फोटोवर किंवा चलनावर असायला हवं. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ (ऑगस्ट २०२१) प्रमाणे यंत्राला राज्याच्या नियुक्त अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हावं लागतं. गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस पाठवायची असते. कॅमेरा असलेल्या रस्त्यावर तशी सूचना देणारा फलक हवा.

कलम १८३(३) सुद्धा लक्षात ठेवा. एका माणसाच्या नुसत्या अंदाजावर वेगाचा गुन्हा शाबित होत नाही, त्या अंदाजाला यंत्राचा आधार लागतो. ‘लांबून बघितलं, गाडी जोरात होती’ एवढ्यावर कलम १८३ टिकत नाही. पण तिथे कलम १८४, म्हणजे धोकादायक चालवणं, लावलं गेलं तर ते जास्त जड आहे. पहिल्याच गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. म्हणून रस्त्यावर हुज्जत घालताना शब्द जपून.

हरकत फेटाळली गेली तर प्रकरण न्यायालयात जातं. तिथे १८३ खाली दंडाची वरची मर्यादा २,००० रुपये, हे माहीत असू द्या. त्यापलीकडच्या रकमेची भीती कोणी घातली तर घाबरू नका.

चेनसेट_१५

तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो.

आधी बघा की तुमच्या गाडीच्या मीटरला वेग कुठून कळतो. तीन प्रकार असतात. जुन्या गाड्यांना पुढच्या चाकाच्या हबमधून केबल येते. बऱ्याच गाड्यांना इंजिनवर, पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरजवळ सेन्सर असतो, त्याला तीन तारांचा कपलर. आणि काही एबीएसवाल्या गाड्यांत चाकाच्या दातेरी रिंगवरून सिग्नल येतो.

केबल किंवा रिंग असेल तर मागचं स्प्रॉकेट बदलल्याने मीटरला काही फरक पडत नाही. सेन्सर इंजिनवर असेल तर पडतो, कारण मीटर पुढच्या स्प्रॉकेटचे फेरे मोजतो आणि चाकाचा वेग ४२ दात धरून काढतो. तुम्ही ३८ चं लावलं. ४२ भागिले ३८ म्हणजे १.१०५. मीटर दाखवतो त्यापेक्षा गाडी साडेदहा टक्के जास्त पळते.

पण पुढे ऐका. कंपनीचा मीटर मुळातच थोडा जास्त दाखवतो. प्रत्यक्ष वेगापेक्षा कमी दाखवायची त्याला परवानगीच नसते, जास्त दाखवलेलं चालतं. मूळ मीटर ४ टक्के जास्त दाखवत होता असं धरा. मग काटा ६० वर असताना खरा वेग ६० भागिले १.०४ गुणिले १.१०५, म्हणजे जेमतेम ६४. ६७ येत नाही. उरलेले तीन मीटरच्या माथी मारता येणार नाहीत. त्या क्षणी काटा ६३ च्या आसपास होता, तुमचं लक्ष रस्त्यावर होतं, इतकंच. उतारावर थ्रॉटल न हलवताही एवढा वेग सहज वाढतो.

‘गन चुकीची असेल’ हे सगळ्यात आधी सुचतं. लेझर गन रस्त्याच्या कडेला किंवा पुलावर उभी असते, म्हणजे गाडीच्या दिशेशी कोन करून बघते. कोन जितका जास्त तितका वेग कमी मोजला जातो. १० अंशाच्या कोनात खरे ६८ असतील तर गनवर ६७ दिसतात. ही चूक चालकाच्या फायद्याची आहे. गनची खरी अडचण दोन गाड्या अगदी चिकटून असतात तेव्हा येते, कारण दुचाकीचा समोरचा भाग अरुंद आणि किरण लांबवर गेला की पसरतो. म्हणून वर सांगितलं तसं फुली कुठे आहे ते बघायचं.

मीटर तपासायची साधी रीत. महामार्गावर किलोमीटरचे दगड बघून बरोबर १० किलोमीटर चालवा आणि ओडोमीटर किती पुढे गेला ते लिहा. ओडोमीटरला तो जास्त दाखवायचा कल जवळपास नसतो, त्यामुळे स्प्रॉकेटची चूक स्वच्छ दिसते. ३८ चं स्प्रॉकेट आणि इंजिनवरचा सेन्सर असेल तर १० किलोमीटरला साधारण ९.०५ भरेल. मग मोबाइल होल्डरला लावून जीपीएसचा वेग बघा. सपाट सरळ रस्ता, वेग अर्धा मिनिट स्थिर, आणि मागे कोणीतरी बसून वाचणारा हवा. चालवता चालवता दोन आकडे जुळवायच्या भानगडीत पडू नका.

उपाय दोन. मूळ ४२ चं स्प्रॉकेट परत घाला. साखळी पूर्ण संच म्हणून बदला, झिजलेल्या साखळीवर नवे दात टिकत नाहीत. किंवा सेन्सर आणि मीटर यांच्या मध्ये सिग्नल दुरुस्त करणारं छोटं उपकरण मिळतं, ते बसवा. माझं मत विचाराल तर ४२ च घाला. ३८ ने टॉप गिअरमध्ये आरपीएम कमी होतात, पण घाटात खालचा गिअर लवकर घ्यावा लागतो आणि क्लचवर ताण येतो.

टायरमुळे फरक पडतो का असं कोणीतरी विचारेलच. १००/८०-१७ च्या जागी ११०/७०-१७ घातला तर व्यास ५९२ मिलिमीटरवरून ५८६ वर येतो. एक टक्का. चलनात तो दिसणार नाही.

आणि मीटर चुकीचा होता ही सबब चालत नाही. मीटर चालू आणि बरोबर ठेवणं मालकाकडेच आहे.

घाटरस्ता_कोथरूड

@चेनसेट_१५ सेन्सर इंजिनवरच आहे, कव्हरजवळ तीन तारांचा. ४२ चा संच मागवतो. फोटोत फुली माझ्याच हेडलाइटवर आहे, त्यामुळे त्या चलनावर हरकत घेण्यात अर्थ दिसत नाही. @कलम_१८३ लायसन्स तीन महिने गेलंच समजा, तर त्या काळात काय? मोबाइलमध्ये डिजिलॉकरची प्रत आहेच.

पॉलिसी_आणि_क्लेम

डिजिलॉकरवर भिस्त ठेवू नका. १ ऑक्टोबर २०२० पासून अपात्र ठरवलेल्या आणि रद्द झालेल्या लायसन्सची नोंद पोर्टलवर क्रमाने ठेवली जाते. पोलिसाने नंबर टाकला की दिसतं. आणि जप्तीच्या वेळी मिळालेल्या पावतीवरही गाडी चालवता येत नाही, २०६(४) मध्ये ते स्पष्ट लिहिलंय. पावती म्हणजे तात्पुरतं लायसन्स असा समज फार पसरलेला आहे.

अपात्र असताना चालवली तर कलम १८२. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पण माझा मुद्दा दंडाचा नाही, विम्याचा आहे. या विषयात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची, कारण इथे माणसं आयुष्यभरासाठी अडकतात.

एक, स्वतःच्या गाडीचं नुकसान. पॉलिसीची अटच असते की चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स हवं आणि तो अपात्र ठरलेला नसावा. त्या तीन महिन्यांत गाडी आपटली तर दावा फेटाळला जातो.

दोन, वैयक्तिक अपघात संरक्षण. मालक-चालकाला १५ लाखांचं असतं. त्यालाही वैध लायसन्स लागतं. शिवाय ते आरसीवरच्या मालकाला असतं. तुमची गाडी वडिलांच्या नावावर आहे, म्हणजे त्या पॉलिसीत हे संरक्षण वडिलांचं, तुमचं नाही. हे तर आजही लागू आहे, लायसन्स शाबूत असताना. तुम्ही चालवता, तर स्वतःसाठी वेगळी अपघात पॉलिसी घ्या किंवा गाडी नावावर करून घ्या.

तीन, समोरच्या माणसाला इजा झाली तर. थर्ड पार्टी विमा असतोच, पण कलम १५० प्रमाणे चालक अपात्र असणं हा विमा कंपनीचा मान्य बचाव आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण बहुतेक वेळा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतं आणि मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. मालक म्हणजे तुमचे वडील. भरपाईची रक्कम सहज लाखांत जाते आणि वसुली घरापर्यंत येते.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. चालक स्वतःच्याच बेदरकारपणाने, दुसऱ्या कोणाचा दोष नसताना मरण पावला तर त्याच्या वारसांना भरपाईचा दावा करता येत नाही. प्रकरण कर्नाटकातलं, कारच्या अपघाताचं होतं. बाइकवर एकट्याने घसरून पडण्याचं प्रमाण बघता हे आपल्याला जास्त लागू पडतं. मागे उरतो तो फक्त वैयक्तिक अपघात विमा, आणि तोही वर सांगितल्याप्रमाणे लायसन्सवर अवलंबून.

चलनांमुळे हप्ता वाढतो का, हा प्रश्न नेहमी येतो. विमा नियामकाच्या कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये वाहतूक उल्लंघनांनुसार वेगळा हप्ता घ्यावा अशी शिफारस केली होती, सुरुवात दिल्लीपासून. आज तुमच्या बाइकच्या हप्त्यात चलनं धरली जातात असं कोणी सांगून जास्त पैसे मागत असेल तर पॉलिसीवर ती ओळ दाखवायला सांगा.

निवांत_रायडर

वडिलांच्या नावावरच्या गाडीचं हे माहीत नव्हतं. आमच्याकडेही तसंच आहे. मुलाच्या नावाने वेगळी अपघात पॉलिसी निघते का?

पॉलिसी_आणि_क्लेम

हो, दादा. वैयक्तिक अपघात पॉलिसी स्वतंत्र मिळते, गाडीशी जोडलेली असण्याची गरज नाही. घेताना दुचाकी चालवणं वगळलेलं नाही ना, हे वगळलेल्या गोष्टींच्या यादीत शोधा. इंजिनच्या सीसीवर मर्यादा असेल तर तीही बघा. मुलगा १८ च्या आतला असेल तर मात्र गाडीच देऊ नका. कलम १९९अ खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही.

सेकंडहँड_नाशिक

विक्रीचं सांगतो. चलनं एका जागी दिसत नाहीत, तिथेच घोळ होतो.

महाराष्ट्र पोलिसांची चलनं महाट्रॅफिकच्या पोर्टलवर किंवा अ‍ॅपवर. गाडी नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. परराज्यातली बहुतेक चलनं केंद्राच्या परिवहन ई-चलन पोर्टलवर, म्हणजे तुमचं कर्नाटकचं तिथे शोधा. तिसरी जागा व्हर्च्युअल कोर्ट, म्हणजे ऑनलाइन न्यायालय. चलन न्यायालयाकडे गेलं की पहिल्या पोर्टलवर भरता येत नाही, तिथे राज्य निवडून गाडी नंबरने बघावं लागतं. गिऱ्हाईक फक्त पहिलं पोर्टल बघतं आणि नंतर आरटीओत कामं अडली की भांडायला येतं.

वाहनावर थकबाकीची खूण असली तर हस्तांतरण, एनओसी (ना-हरकत दाखला), कर्जाचा बोजा उतरवणं अशी कामं पुढे सरकत नाहीत. म्हणून सौद्याआधी तिन्ही ठिकाणचे ‘बाकी नाही’ असे स्क्रीनशॉट काढून ठेवा. पैसे भरल्यावर पोर्टलवर बाकी शून्य व्हायला वेळ लागतो, पावती जपा.

विकल्यावर फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलाचे अर्ज) नुसते सही करून देऊन मोकळं होऊ नका. विक्री कळवायची जबाबदारी विकणाऱ्याचीही आहे, १४ दिवसांत. हस्तांतरण होईपर्यंत नवी चलनं वडिलांच्या मोबाइलवर येत राहतील, आणि अपघात झाला तर नोंदणीकृत मालक म्हणून तेच उभे राहतील. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे पक्कं केलं आहे. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा. त्या दिवशी संध्याकाळी सहाला गाडी दिली आणि आठला चलन लागलं, तर ती वेळच कामाला येते.

वडिलांच्या आरसीला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही बघा. बंद नंबरमुळे चलनं वर्षानुवर्षं कळत नाहीत आणि मग एकदम गठ्ठा समोर येतो.

अजून एक. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके (मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी) फाइल आली तर उघडू नका. सरकारी चलनासाठी एपीके कधीच येत नाही. ती फाइल मोबाइलमधले ओटीपी वाचते आणि खातं रिकामं करते. चलन आहे का हे बघायचं असेल तर पोर्टल स्वतः उघडून गाडी नंबर टाका, मेसेजमधली लिंक दाबू नका.

वेग_आणि_अंतर

चर्चा दंड, लायसन्स, विमा अशी चालली आहे. ६० आणि ८० मधल्या फरकाचे आकडेही इथे असू द्यात.

केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत दुचाकीची वरची मर्यादा चार आणि जास्त पदरी दुभाजकाच्या रस्त्यावर ८०, महापालिका हद्दीत ६०, इतर रस्त्यांवर ६० अशी आहे. कारला यापेक्षा जास्त मुभा आहे. त्यामुळे ‘कारच्या मागे मागे जात होतो’ हे दुचाकीचं चलन होण्याचं अगदी नेहमीचं कारण. स्थानिक प्रशासन यापेक्षा कमी मर्यादा लावू शकतं आणि तिथे फलकावरचा आकडा चालतो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना मर्यादा महामार्गापेक्षा खूप कमी आहे. लांब उतार, खाली साचलेली वाहतूक आणि ब्रेक तापलेले ट्रक, हे तिथलं कारण.

धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरा. ६० ला तेवढ्यात १६.७ मीटर जातात, ८० ला २२.२. कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावून सेकंदाला ६ मीटर प्रतिसेकंद एवढा वेग कमी होतो असं धरलं, तर ६० वरून थांबायला आणखी २३ मीटर, ८० वरून ४१. एकूण ४० आणि ६३. आता यातला महत्त्वाचा आकडा: ६० वाला ज्या जागी पूर्ण थांबलेला असतो, त्या जागी ८० वाला अजून ६० च्या वेगात असतो. त्याने ब्रेक दाबलेला असूनही. ४ टक्के उतारावर ८० वाल्याचं ब्रेकचं अंतर ४४ मीटरच्या पुढे जातं. पाऊस, तेल, मागे बसलेला माणूस हे धरलेलंच नाही.

आणि वाचतं किती? २० किलोमीटर ६० ने २० मिनिटं, ७५ ने १६. तेही मध्ये एकही सिग्नल नाही असं समजून.

घाटरस्ता_कोथरूड

सगळ्यांचे आभार. एकच राहिलं. आरटीओची नोटीस आली तर सुनावणीला काय न्यायचं, आणि तिथे बोलायचं काय?

कलम_१८३

नोटीस आली की आधी बघा ती कोणाच्या नावावर आहे आणि कोणत्या चलनावरून आहे. तारीख चुकवू नका. गैरहजर राहिलं तर तुमचं म्हणणं नोंदवलं न जाताच आदेश होतो.

न्यायचं ते: मूळ लायसन्स, आरसीची प्रत, विमा, चलनांच्या प्रती फोटोंसह, भरलेल्यांच्या पावत्या. कॅमेऱ्याच्या चलनाबाबत गाडी खरोखर दुसरं कोणी चालवत असेल तर तसं त्या व्यक्तीच्या सहीचं पत्र. तुमच्याबाबतीत तसं नाही, त्यामुळे तो विषय काढू नका.

लेखी म्हणणं एका पानाचं द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. त्यात तीन गोष्टी. कोणतं चलन मान्य, कोणतं अमान्य आणि का. स्प्रॉकेट बदलल्याने मीटर चुकत होता आणि आता मूळ संच बसवला, याचं बिल जोडा. यामुळे गुन्हा पुसला जात नाही, पण कलम १९(१अ) मध्ये सोडून देण्याचा पर्याय आहे आणि अधिकाऱ्याला आदेशात कारणं लिहावी लागतात. कारण दिसेल असं काहीतरी कागदावर असलेलं बरं. तिसरी गोष्ट, नोकरीसाठी गाडी लागत असेल तर कंपनीचं पत्र.

आदेश कोणत्या वर्गांसाठी आहे ते नीट वाचा. कायदा ‘सर्व किंवा कोणत्याही’ वर्गासाठी अपात्र ठरवू देतो. लायसन्सवर बाइक आणि कार दोन्ही असतील तर कारही बंद होऊ शकते. म्हणणं देताना दुचाकीपुरता विचार व्हावा अशी विनंती लेखी करता येते.

आदेश पटला नाही तर मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील. तीन महिने संपले की लायसन्स आपोआप हातात येत नाही, रिफ्रेशर प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखला लागतो. तो कुठल्या संस्थेचा चालेल हे सुनावणीच्या दिवशीच त्याच टेबलावर विचारून घ्या आणि प्रशिक्षण तीन महिन्यांच्या आतच उरका, नाहीतर मुदत संपूनही गाडी घरीच उभी राहते.

एक दिलासा आहे, तोही लिहितो. तडजोड शुल्क भरून मिटलेलं चलन म्हणजे दोषसिद्धी नाही. नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ‘शिक्षा झाली आहे का’ या रकान्यात ते येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली बेदरकार चालवल्याचा एफआयआर झाला तर तो मात्र गुन्हा म्हणून नोंदवला जातो आणि तिथे हे लागू नाही. नंबरप्लेट वाकवणं, त्यावर पट्टी चिकटवणं, आकडा खोडणं याचंही तसंच. कॅमेरा चुकवायला म्हणून केलेल्या या प्रकारात हजाराचं चलन वाचतं आणि फौजदारी गुन्हा मागे लागू शकतो.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा: सातारा रोडचं चलन आज भरा, मग ६७ वालं. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या चलनाचा फोटो अजून पाहिलेला दिसत नाही, तो बघून ठरवा. कर्नाटकचं परिवहनवर किंवा व्हर्च्युअल कोर्टात कुठे आहे ते शोधून भरा. पावत्यांची पीडीएफ वडिलांच्या आणि तुमच्या, दोघांच्याही मेलवर ठेवा.